मूठभर केस

१० मार्च, मंगळवार

मॅडमनी केस टेबलावर टाकले! पाकिटातून काढून, सरळ आमच्या मण्यांच्या डब्यांवर. वर म्हणाल्या — "हे बघा तुमचं काम. माझ्या मुलीला टक्कल पाडायचं होतं का?"

या हॉटेलातल्या चौदा नंबरच्या खोलीतल्या मॅडम. एक तारखेला त्यांच्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर आम्ही बारीक वेण्या घातल्या होत्या. बेचाळीस वेण्या, टोकाला निळे-पांढरे मणी. काल त्यांनी त्या स्वतःच सोडवल्या आणि हे मूठभर केस निघाले.

मी शांतपणे समजावू लागलो. माणसाचे रोज साठ-सत्तर केस गळतातच. एरवी ते उशीवर राहतात, टॉवेलला लागतात, पाण्यात जातात. वेणीत मात्र अडकून बसतात. आठ दिवसांचे एकदम हातात आले की कुणीही घाबरेल. हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगतो. लोक हसतात आणि जातात. या मॅडम म्हणाल्या, "मला शिकवू नका!" — इतक्या जोरात, की तलावात पोहणारी माणसं काठाला आली.

आई शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीचा भांग पाडत होती. तिने मान वर केली नाही. भांडणात ती कधी पडतच नाही.

अक्षर वाकडं येतंय. असू दे.

११ मार्च, बुधवार

मॅनेजरने बोलावलं. धुलाईच्या खोलीमागे त्याचं ऑफिस. खुर्ची रिकामी होती तरी म्हणाला, "बसू नकोस, दोनच मिनिटं." मग वीस मिनिटं उभं ठेवलं! मॅडमचं पाकीट त्याच्या टेबलावर, चिकटपट्टी लावून, एखाद्या पुराव्यासारखं.

"सोमवारपर्यंत लेखी खुलासा दे. नाही पटला, तर ज्याने ते डोकं केलं त्याने या हॉटेलात पुन्हा केसांना हात लावायचा नाही. दुसऱ्याने बसावं हवं तर. कुणी केलं ते?"

मी म्हणालो, "साहेब, चूक झालेलीच नाही, तर हात कुणाचा हे कशाला विचारायचं?"

"वकील झालास काय रे?"

ते डोकं आईने केलं होतं. पण मी सांगितलं नाही. बावीस वर्षं आई तलावाकाठच्या त्या छत्रीखाली वेण्या घालत बसते आहे. या मॅनेजरला येऊन दोन वर्षं झाली नाहीत. ज्या मुलींच्या वेण्या तिने घातल्या, त्या आता आपल्या मुलींना घेऊन येतात, आणि हा विचारतो हात कुणाचा!

बाहेर आलो तर लाइफगार्ड शिडीवरून ओरडला, "काय वेणीबाई, आज कुणाचं टक्कल?" मी सरळ छत्रीकडे चालत राहिलो. आता सुचतंय काय उत्तर द्यायला हवं होतं.

१२ मार्च, गुरुवार

नुसतं लिहून भागणार नाही. पुरावा हवा.

धाकट्या बहिणीच्या वेण्याही एक तारखेलाच घातल्या होत्या, मी, नवी नक्षी जमते का पाहायला. आज शाळेतून आल्यावर तिला खिडकीशी बसवलं आणि एकेक वेणी सोडवली. निघालेला प्रत्येक केस गडद निळ्या टॉवेलवर मांडला. आपोआप गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका असतो. ओढून तुटलेल्याला तो नसतो. आमच्या धंद्यात ही एवढी एकच खूण बिनचूक.

सातशे चार केस. अकरा दिवसांचे, म्हणजे रोजचे चौसष्ट. ठिपका जवळजवळ प्रत्येकाला!

धाकटी म्हणाली, "दादा, तू माझे केस मोजतोस हे माझ्या मैत्रिणींना कळलं ना, तर मी शाळा सोडीन."

"आठवीत सोडू नकोस. माझ्यासारखी फसशील."

बघू आता मॅनेजर काय बोलतो.

१३ मार्च, शुक्रवार

खुलाशाचे तीन कागद फाडले. पहिला उद्धट झाला होता, दुसरा रडका. तिसऱ्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द शब्दकोशात बघून लिहिला आणि मग लक्षात आलं की तो शब्द आपल्याच अंगावर येतोय. चौथा बरा आहे. आईला वाचून दाखवला. 'बावीस वर्षांच्या अनुभवी हातांवर असा संशय घेणे अन्यायाचे आहे' इथपर्यंत आलो, तर म्हणाली, "पुरे, छान आहे," आणि भांडी घासायला उठली. भांडी घासलेली होती.

१४ मार्च, शनिवार

चौदा नंबरवाले आज गेले. सामान गाडीत चढत होतं. मुलीच्या डोक्यावर कानापर्यंत ओढलेली टोपी — जणू आम्ही तिला डाग दिलेत! मॅडमचं लक्ष नाही असं बघून ती पळत छत्रीपाशी आली. आई तेव्हा पाणी आणायला गेली होती. मुलीने मूठ उघडून दाखवली. आत निळे मणी.

"आई फेकणार होती. मी लपवले."

मी विचारलं, "वेण्या घालताना दुखलं होतं का गं तुला?"

"मी आजींना सांगितलं ना. खूपदा सांगितलं. त्या म्हणाल्या, होईल सैल."

मुलं असं म्हणतातच. कंगवा दाखवला तरी कळवळतात. मी तसं म्हणणार, एवढ्यात मॅडम आल्या आणि दंडाला धरून तिला फरफटत घेऊन गेल्या. वेण्या ओढल्या म्हणून गाव गोळा करणाऱ्या बाई!

उद्या ते पाकीट मागून घेतो. त्यातले केस ठिपक्यांसकट कागदावर चिकटवून खुलाशाला जोडतो. धाकटीचे एका बाजूला, त्यांचे दुसऱ्या. मग बोलावं कुणीही.

१५ मार्च, रविवार

मॅनेजर म्हणाला, "घेऊन जा तो कचरा."

दुपारी खिडकीशी बसलो. तोच निळा टॉवेल. पहिले शंभर केस मांडले.

ठिपका नऊ केसांना.

टॉवेल उन्हात सरकवला, पुन्हा पाहिलं. नऊच. बाकीचे एक्क्याण्णव तुटलेले. आखूड, बोटाएवढे, कपाळाच्या कडेचे आणि कानशिलाजवळचे. नाजूक असतात ते केस. तिथे हात सैल ठेवायचा हे मला आईनेच शिकवलं.

धाकटीला हाक मारली. आईला म्हणालो, हिच्या वेण्या घालून दे ना, उद्या शाळा आहे. आणि समोर बसून पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसतो, पण माझी नजर कायम माझ्यापुढच्या डोक्यावर. आई पेड बोटाला दोनदा गुंडाळते. बोट पांढरं पडेपर्यंत ओढते, तेव्हा कुठे तिची खात्री होते की केस हातात आहे.

"आई गं! दादाला करू दे ना!"

"गप. सरळ बस. एवढंही सोसत नाही?"

वेण्या झाल्यावर ती धाकटीशी बोलत बसली, हात मांडीवर उताणा. मी तिच्या बोटांवर हळूच एक मणी ठेवला. तिला कळलं नाही. मणी घरंगळून फरशीवर वाजला, तेव्हा तिने खाली पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय चाललंय तुझं?"

"काही नाही. पडला."

मॅडमचा राग अजून येतो. खाण्याच्या गोष्टीला हात लावावा तसे आम्ही ते मण्यांचे डबे हाताळतो, त्यांवर केस टाकायची काही गरज नव्हती. पण बाई खोटं बोलत नव्हत्या. चार कागद लिहिले मी. चारही खोटे.

आईचं नाव सांगितलं तर तिची खुर्ची गेली. माझं सांगितलं तर ती बसणार, आणि उद्या आणखी एक मुलगी त्या खुर्चीत. हा कसला नियम केलाय मॅनेजरने! आणि मी तरी कुणावर चिडतोय?

१६ मार्च, सोमवार

आई ऑफिसात सोबत आली. येणार असं म्हणाली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "साहेब, ते डोकं याने केलं. पोरगा आहे अजून, हात बसायचाय." मी 'हो' म्हणून मान हलवली. आता मी केसांना हात लावायचा नाही, फक्त मणी ओवायचे. तिच्या खुर्चीला खुर्ची लावून ओवत बसलो. दिवसभरात तीन मुली आल्या. प्रत्येकीकडे वाकून विचारलं, दुखतंय का? पहिली नाही म्हणाली. दुसरीने वळून माझ्या आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. तिसरी म्हणाली, हो.

आईचे हात थांबले.