तू एवढं गोड का बोललीस?

ताईस,
धाकटीचा नमस्कार, आणि आईच्या पायांवर डोकं.

मी मजेत आहे. खिडकीला नवा पडदा लावला. जेवण वेळेवर होतं. स्पॅनिशमधला एकच शब्द गावागणिक वेगळा अर्थ कसा घेतो, यावरचा माझा लेख विभागप्रमुखांना आवडला. "आता तरी नीट झोपा," म्हणाले.

झोप उडाली आहे ती तुझ्यामुळे. लोकांचं बोलणं टिपताना आम्ही भाषेचे अभ्यासक सुरुवातीचा भाग जमेस धरत नाही. ध्वनिमुद्रणाचं यंत्र समोर असलं की भांडखोर म्हातारीसुद्धा पाहुणीसारखी बोलते. रविवारी फोनवर तू तशीच बोलत होतीस. मला एकदाही मध्ये तोडलं नाहीस. मी दुधाचं पातेलं करपवलं, तरी "होतं गं असं" म्हणालीस! एरवी माझी अक्कल काढली असतीस.

आणि आई दर वेळी झोपलेली कशी? दुपारी आपण जरा आडव्या झालो तरी आळशी म्हणणारी बाई ती. फोनवर तुझ्या मागून भावजी काय कुजबुजले? आईचा खोकला गेला का? फोनवर विचारलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे.

मी रजेचा अर्ज दिला आहे. आई बरी असेल तर फोन करून मला मनसोक्त झाप, मी अर्ज मागे घेईन. पण पुन्हा एवढं गोड बोललीस, तर मी निघालेच समज.

तुझ्या बोलण्यांची वाट पाहणारी,
धाकटी