रेडिओ की सही

मी, चंद्रभान उकंडराव इखार, वय एकाहत्तर, राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा, पूर्वी नागपूर रेडिओवरचा निवेदक, मग वकील, शेवटी एकदा उमेदवार, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नी कोकिळा हिचे मत वेगळे आहे. ते नोंदवण्याची या दस्तात सोय नाही.

१. राहते घर व मागची विहीर कोकिळेला.

२. कायद्याची पुस्तके व काळा कोट मुलगी नलूला. विकले तरी हरकत नाही. न्यायाधीश मला म्हणत, "वकीलसाहेब, आवाज छान आहे, आता मुद्दा येऊ द्या." शाळेतली कवितांची पुस्तके मात्र विकू नयेत. त्या कविता मला अजून पाठ आहेत. पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, फवारणीची माहितीसुद्धा मी रेडिओवर त्याच चालीत वाचत असे.

३. माझा रेडिओ रोहण्याच्या रूपराव नत्थूजी भोयर यांना. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मी माहिती सांगायचो, रूपराव शंका काढायचे. स्टुडिओतला लाल दिवा लागला की ते खाकरायचे थांबत. संध्याकाळी मला तो दिवा अजून दिसतो. अठ्ठ्याहत्तर साली विधानसभेला उभा राहिलो, तेव्हा सभेतही त्यांना सवयीने शेजारी बसवले. मी म्हणालो, गावोगाव पाणी आणीन. रूपराव सवयीने म्हणाले, "पण भाऊ, नदीच आटली तं आणसान कुठून?" सगळे मैदान हसले. रेडिओवर उत्तर माझ्यापुढे लिहिलेले असे. इथे नव्हते. पडलो. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. रेडिओ न्यायला तरी ते येतील, असा माझा विचार होता. कोकिळा म्हणाली, "तवा तुमी नसान. मंग बोलसान कसे?" मुद्दा बरोबर होता. म्हणून त्यांना साक्षीला येण्याचा निरोप धाडला.

४. आज ते आले. साक्षीदाराने मृत्युपत्रातले काही घेऊ नये, हे मी पक्षकारांना जन्मभर सांगत आलो. तेच रूपरावांना सांगितले: रेडिओ की सही, एकच काहीतरी. ते म्हणाले, "पण भाऊ, तुमी इथं जित्ते बोलून राह्यले, तं मी त्या डब्ब्याले काय करू?"

याही शंकेचे उत्तर माझ्याजवळ लिहिलेले नाही. सबब कलम ३ रद्द. रेडिओ कोकिळेला, ती तो बंदच ठेवते.

मुक्काम नाचणगाव, दिनांक १२ नोव्हेंबर १९८५.
(सही) चंद्रभान उकंडराव इखार

आमच्यासमोर सही केली:
१) बंडूजी झोटिंग, शेजारी (सही)
२) रूपराव नत्थूजी भोयर, रोहणा (सही). कलम १ मधल्या विहिरीबद्दल शंका आहे. त्यासाठी उद्या पुन्हा येणार.