पौषात सापडलेलं घर

नाशिक, ४ जानेवारी १९९८

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. थंडीमुळे सध्या आठांपैकी चारच अंगं वाकतात, तेवढी गोड मानून घे.

आई, घर सापडलं! दिवाळीत सावळीराम शेटच्या नव्या इमारतीत चपला काढायला जागा नव्हती. मी भाव विचारला तर त्यांनी मानही वर केली नाही, आणि भाव ऐकून मीच मान खाली घातली. आता पौष लागताच गिऱ्हाइकं पंचांगाआड दडली, तर तेच शेट मला उन्हात खुर्ची देऊन चहा पाजतात.

"गुरुजी, पौषातलं गिऱ्हाईक म्हणजे देव हो! आत्ता तुम्हाला परवडेल असं देतो. माघ लागला की भाव चढला म्हणून समजा."

घर तळमजल्यावर आहे, तुझ्या गुडघ्यांना जिना नको. सुवर्णाने तुळशीची जागासुद्धा ठरवली. तुझी सूनच ती, मला विचारलं नाही.

तू म्हणशील, पौषात कुणी सुईही विकत आणत नाही. मान्य. राहायला माघातच जाऊ, मुहूर्त तूच काढ. पण करारावर सही आत्ता हवी, आणि तुझ्या होकाराशिवाय माझं पेन उघडत नाही.

खोकला कसा आहे? सुरगाण्याची थंडी एकटीने किती काढशील? "भाड्याच्या खोलीत येणार नाही" म्हणालीस, म्हणून तर ही धावपळ. उत्तर जीपवाल्याच्या हाती लगेच पाठव.

शेवटी एकच आधार देतो. मीसुद्धा तुझ्या घरी पौषातच आलो. सत्तेचाळीस वर्षं झाली, तू परत पाठवलं नाहीस.

तुझाच,
ज्ञानेश