अनुया आता अगदी बरी आहे

३ जानेवारी, शनिवार
नवीन वर्षाचा संकल्प: अनुयाचा दमा या वर्षी कायमचा बंद. तसा तो जवळजवळ गेलाच आहे. पोरगी नऊ वर्षांची, दिवाळीपासून एकदाही तक्रार नाही. वल्लरी म्हणाली, तिला विचारून तरी बघ. विचारायचं काय त्यात? बापाला दिसतं. तरी रेकॉर्डसाठी विचारलं. अनुया म्हणाली, मस्त आहे, बाबा. बायकोकडे नुसतं पाहिलं.

८ जानेवारी, गुरुवार
ऑफिसातल्या इंद्रजीतच्या मुलालाही दमा. बिचारा फार घाबरतो. लंच टाइममध्ये त्याला समजावलं, आपण लक्ष दिलं नाही की मुलं विसरतात. आमचंच उदाहरण दिलं. कळंबोलीत दिवसभर ट्रकांची धूळ खाऊन आपल्याला काही होतं का? सगळं मनावर असतं. इंद्रजीत ‘हो’ म्हणाला.

१३ जानेवारी, मंगळवार
शाळेतून पीटीच्या सरांचा फोन. खो-खोच्या वेळी अनुया बाजूला बसते, पाय दुखतो म्हणते. मी म्हटलं, कंटाळा करते सर, पळायला लावा तिला. फोन ठेवल्यावर जरा कसंतरी झालं. बूट घट्ट होत असणार. संध्याकाळी नवे घेतले, महागातले. बरं वाटलं. मला तरी.

२५ जानेवारी, रविवार, सकाळ
आज मी आणि अनुया कर्नाळ्याला. थेट किल्ल्यापर्यंत. फुप्फुसांना व्यायाम. वल्लरीने सॅकमध्ये दम्याचा पंप टाकला होता, तो गुपचूप काढून ठेवला. पंप जवळ असला की दम लागतोच, हे माझं निरीक्षण.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अनुयाला पक्ष्यांची एवढी आवड आहे हे माहीतच नव्हतं. दर वळणावर थांबून झाडाकडे बघायची. कौतुकाने विचारलं, कुठला गं पक्षी? तिने नुसतं बोट दाखवलं. झाडावर काहीच नव्हतं.

अर्ध्या वाटेत खाली बसली. खांदे वरखाली, ओठ निळसर, तोंडातून शब्द निघेना. मी सॅक उलटी केली. उगाचच. आत काय नाही हे मलाच तर माहीत होतं. तेवढ्यात तिनेच जॅकेटच्या आतल्या खिशातून पंप काढला. शाळेच्या दप्तरात असतो तो. माझ्यापासून लपवून आणलेला.

पाठुंगळी घेऊन उतरलो, थेट हॉस्पिटल. वल्लरी धावत आली. पंप होता ना बरोबर, म्हणाली. होता ना, मी म्हटलं. तसं पाहिलं तर खोटं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
डॉक्टर किशोरींकडे. त्यांनी विचारलं, रात्री खोकला? मी म्हटलं, अजिबात नाही. त्या म्हणाल्या, मी अनुयाला विचारतेय, तुम्ही जरा ऐका फक्त.

अनुया म्हणाली, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. जिन्यात ती बुटाची लेस बांधत बसते, म्हणजे थांबता येतं. पाय कधीच दुखत नव्हता. रात्री उशीत तोंड खुपसून खोकते. का गं, असं डॉक्टरांनी विचारलं.

‘बाबा सगळ्यांना सांगतो ना, मी बरी झाले म्हणून. मग तो खोटा पडेल.’

मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत राहिलो. अक्षरं नीट दिसत नव्हती.

२८ जानेवारी, बुधवार
इंद्रजीतला सांगितलं, मी त्या दिवशी बोललो ते ऐकू नकोस. तो म्हणाला, ऐकलंच नव्हतं.
नवा संकल्प: अनुयाला रोज विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. यात न जमण्यासारखं काहीच नाही.

३१ जानेवारी, शनिवार
परवा आणि काल विचारायचं राहून गेलं, मार्च एंडची कामं आत्तापासूनच अंगावर आहेत. आज विचारलं, कसं वाटतंय? अनुयाने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगू? म्हटलं, खरंच सांग. ती म्हणाली, सकाळपासून आत शिट्टी वाजतेय.

मी पटकन बोलून गेलो, ‘अगं, थोडीशीच ना? थांबेल.’

‘हो बाबा. थोडीशीच आहे.’

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आईला सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. ऐकू यावं म्हणून मी टीव्हीचा आवाज कमी केला. तर ती आणखी हळू बोलायला लागली.