सतत फुसफुस

४ मार्च
आज नऊ सिनेमे तपासले. नऊ! एका दिवसात कुणी नऊ सिनेमे बघतं का? पहिली दहा मिनिटं बघायची, मग पळवायचं, मधली पाच, मग एकदम शेवट. जुन्या सिनेमांच्या स्वस्त डिस्क काढणारी आमची कंपनी. छापायला जाण्याआधी प्रत कशी आहे ते चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच माझं काम. चित्र, आवाज, ओरखडे, शेरा. आजच्या एकात चित्र ताणून रुंद केलंय, सगळे नट नुकतेच भरपेट जेवून उठल्यासारखे दिसतात. मी लिहिलं, 'चालेल'. साहेबांना हा शब्द फार आवडतो.

दोन वर्षांतली ही सहावी नोकरी. बघू.

७ मार्च
घरमालक काकांना माझं काम आज कळलं. त्यांना दिसत नाही, बारा वर्षं झाली. पण रोज सकाळी काठी घेऊन एकटे रस्ता ओलांडतात आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गप्पा मारायला जातात. गाड्यांच्या आवाजावरून रस्ता कळतो म्हणे. त्यांची सून — मी वहिनी म्हणते — रोज दारात श्वास धरून उभी असते.

तर काका एके काळी सिनेमात आवाज धरायचे, म्हणजे ध्वनिमुद्रण. मदतनीस होते. त्यांनी एका सिनेमाचं नाव घेतलं आणि मी दचकले. तो आमच्याकडे आलाय. मीच तपासलाय, गेल्या महिन्यात.

त्यातला एक प्रसंग त्यांनी सांगितला. आई आतल्या खोलीत आजारी, मुलगा बाहेर चप्पल शिवत बसलेला. आत स्टोव्हचा आवाज चालू. कुणी काही बोलत नाही. मग स्टोव्ह विझतो. मुलगा मान वर करतो. बस्स, त्याला कळतं आणि आपल्यालाही. स्टुडिओतला स्टोव्ह नीट वाजेना, म्हणून काकांनी घरचा धरला. काकू हवा भरत होत्या. काकू गेल्या, तो स्टोव्हही भंगारात गेला. "तेवढा सूं आवाज उरलाय बघ तिचा," म्हणाले.

डिस्क आली की आणते म्हटलं. छाती पुढे काढून!

१० मार्च
चिठ्ठी काढून बघितली. माझंच अक्षर.

'आवाज : मधल्या भागात सतत फुसफुस. साफ करावी.'

आणि साफ केली. आमच्याकडे यंत्र आहे, फुसफुस दिसली की पुसून टाकतं. वेष्टनावर मोठ्या अक्षरात छापलंय — 'नव्याने स्वच्छ केलेला आवाज'. मी तो प्रसंग पळवत बघितला होता. त्या वेळी खिडकीबाहेर दोन माणसं एक कपाट जिन्यातून उलटं नेत होती, तेच बघत बसले असणार. आता नक्की आठवतही नाही. तेच जास्त वाईट.

१२ मार्च
काका रोज विचारत होते. शेवटी आणली. वाटलं, त्यांना कळणार नाही.

काका घरच्या डिस्क वाजवायच्या यंत्राला कान लावून बसले. प्रसंग आला. नुसती शांतता, भिंतीसारखी. मग मुलाने मान वर केली असणार, कारण संगीत सुरू झालं. काका म्हणाले, मागे ने. नेलं. पुन्हा मागे. मोठा कर. चार वेळा.

मग म्हणाले, "गेले वाटतं आता कानही."

मी तिथेच होते. पाणी आणते म्हणून उठले.

१५ मार्च
काठी खुंटीवर. तीन दिवस काका बाहेर पडले नाहीत. न्हावी स्वतः चौकशीला येऊन गेला. वहिनी मला हळूच म्हणाली, बरंच झालं एका अर्थी, रोजचा घोर मिटला. पण काका भिंतीकडे तोंड करून बसतात. चमचा पडला तर विचारतात, पडला ना? खात्री करून घेतात.

एक वाक्य. एवढंच सांगायचंय — काका, तुमचे कान शाबूत आहेत, माती मी खाल्ली. सकाळपासून तोंडात घोळवतेय. दुपारी चप्पल घालून निघाले आणि शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. पळून जाण्यात आपला हात कोण धरणार!

१८ मार्च
साहेबांकडे मूळ प्रत मागितली, न पुसलेली. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, अगं, लोकांना स्वच्छ आवाज लागतो, स्टोव्ह नाही. डिस्क बाजारात गेल्या, आता काही होणार नाही. पण प्रत दिली, साध्या पांढऱ्या डिस्कवर उतरवून.

१९ मार्च
सांगितलं! सगळं. पळवत बघते तेही. काका म्हणाले, "फुसफुस लिहिलंस?" आणि थोडं हसले.

डिस्क पिशवीतून काढणार तोच वहिनीने हाक मारली, पडद्याचा दांडा निसटला होता. तो बसवला, मग स्टूल डुगडुगत होतं म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा घातला. परत आले, बटण दाबलं. छाती इतकी धडधडत होती की मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी काकांच्या तोंडाकडेच बघत होते.

प्रसंग संपला. काकांनी मला चाचपून शोधलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आला गं आवाज. अगदी तसाच."

मी रडले. हलकं वाटलं.

२० मार्च
काठी खुंटीवरच. गुडघा दुखतोय म्हणाले.

२१ मार्च
गुडघाच.

२२ मार्च
पिशवी झटकली. पांढरी डिस्क खाली पडली. यंत्रात अजून ती पुसलेलीच आहे. त्या दिवशी तीच वाजली.

आधी ही हळू आवाजात लावून, न पळवता, स्वतः ऐकली. स्टोव्ह आहे. विझतोही.

काका आत भिंतीकडे तोंड करून बसलेत. जाते.