माझ्या टेबलाची खंडेनवमी

१३ ऑक्टोबर १९७४

संपली! कादंबरी संपली एकदाची. नव्वद पानं. तीन वर्षं या टेबलाशी बूड टेकून होतो. टेबल कसलं — बाबांच्या मोडक्या हातमागाची फळी, खाली दोन खोकी. कागद उडू नयेत म्हणून वर बाबांचाच धोटा, मागावर आडवं सूत ओवायचा. निळ्या शाईची दौत, निब वाकलेलं पेन, गिरणीच्या टाइम-ऑफिसातून आणलेले पाठकोरे कागद. समोर भिंतीला टेकून आई. या कोपऱ्यातली सगळ्यांत जुनी वस्तू तीच! तीस वर्षं गिरणीत मागांवर काढली, कान पार गेले; तिला काही सांगायचं तर खुणेनंच. एका परीनं माझं बरंच झालं. एकेक वाक्य दहादा मोठ्यानं म्हटल्याशिवाय मला लिहिताच येत नाही.

शेवटचं प्रकरण आईवरच बेतलंय. मी सहा वर्षांचा असताना नागी गेली — माझी तान्ही बहीण. गिरणीतल्या बाया शिफ्टला जाताना पोरांना अफूची मात्रा चाटवायच्या, निजून राहावीत म्हणून. आईच्या हातून जास्त गेली, असं आत्यानं सांगितलेलं. तसंच लिहिलंय. कठोर लिहिलंय. आईला वाचता येत नाही, ऐकूही येत नाही. सुटलो!

१९ ऑक्टोबर

पुण्याच्या प्रकाशकांचं कार्ड! 'दहा नोव्हेंबरच्या आत पाठवा.' नक्कल करायला हवी, एकच प्रत आहे. पारू म्हणते, 'अहो, दसरा तर होऊ द्या की!' बायकोचं ऐकलं.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

सगळं गेलं!

गिरणीतली पूजा आटपून, माहेरी गेलेल्या पारूला घेऊन संध्याकाळी घरी आलो. टेबल रिकामं! आईनं पाटावर परात मांडलेली. परातीत माझी सगळी पानं, वर दौत, पेन, धोटा. झेंडू, हळदकुंकू — आणि पाणी! विळा-कोयता धुतात तसं सगळं धुऊन काढलेलं. तांब्यावर तांब्या! सकाळपासून भिजत होतं. परातभर निळं पाणी.

'आई! काय करून ठेवलंस हे!' मी ओरडलो. पानं उचलायला गेलो तर मनगटच धरलं.

'उचलू नगंस! आज हत्याराला हात लावायचा न्हाय.'

'हत्यार?' मी परातीकडं बोट दाखवलं.

'मग? तुजं हत्यार न्हाय का ह्ये? एवढी वरसं नुसता धोटाच पुजला. तुजं राहून गेलं की.'

हसत होती! आजवर म्हणायची, नुसते कागद काळे करतोस. आजच बरं सुचलं! हात सोडवून घेतला, पानं दोरीवर वाळत घातली. एक अक्षर लागत नाही. एकही नाही! पारू रडली. मला रडूसुद्धा आलं नाही.

२५ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला कुणाकडं गेलो नाही. आईशी बोललो नाही.

२८ ऑक्टोबर

रजा टाकली. आठवून लिहायला बसलो. पहिलं वाक्यच येईना! तीन कागद फाडले. तर भिंतीकडून आईचा आवाज — 'भोंगा झाला तवा चंद्री चूल फुंकत हुती.'

माझं वाक्य! माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य!

'तुला कसं ठाऊक?'

'मागांच्या धडाक्यात कुणाला काय ऐकू येत हुतं रं? आमी बाया ओठ बघूनच बोलायचो. तू रोज म्होरं बसून एकेक दहादा म्हनतूस. पाठ झालं की.'

'सगळं?'

'सगळं. लिही.'

म्हणजे शेवटचं प्रकरणही! तीन वर्षं मी तिच्या तोंडावर ते म्हणत होतो. आणि तरी तिनं माझ्या पेनाला कुंकू लावलं!

२ नोव्हेंबर

साठ पानं झाली. ती सांगते, मी लिहितो. मी विसरलो तेही तिला येतं. मधेच म्हणते, 'हितं तू लई येळ अडला हुतास.' शरमेनं तिच्याकडं बघवत नाही.

५ नोव्हेंबर

आज शेवटचं प्रकरण. म्हटलं, राहू दे, दुसरं काहीतरी लिहितो. 'न्हाय. हाय तसंच लिही.' आणि सांगितलं — स्वतःच्या हातानं नागीला मारल्याचं, शब्दान् शब्द! कुठं गाळलं नाही, कुठं मऊ केलं नाही. मी पेन खाली ठेवलं.

'आई, खरंच असं झालं होतं?'

तिनं दौतीला बूच लावलं. हात धरून पुन्हा विचारलं.

'माज्यावरच राहू दे की रं.'

६ नोव्हेंबर

हट्टच धरला, तेव्हा आज दुपारी बोलली. त्या दिवशी ती शिफ्टला गेली तेव्हा नागी निजलेली होती, म्हणून मात्रा दिलीच नव्हती. 'परत आले तर तू दारात हुबा. बोटाला अफू. म्हनालास, आई, ती लई रडत हुती, मी निजवली तिला.'

मी! मला काही आठवत नाही. काहीच आठवत नाही!