शेरभर धन्यांचे वजन

मी, मनुबाई दामाजी नाखवा, वय ७६, राहणार कोळीवाडा, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी भरीस न घालता करत आहे. बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्यासमोर मिरच्या निवडायला बसावे.

१. राहते घर मुलगा हितेश आणि मुलगी प्राप्ती यांना निम्मे-निम्मे. प्राप्ती कल्याणला दिली असली तरी तिचा हिस्सा कोणी गिळू नये. बँकेतली ठेव सून दक्षताला. ती तोंडाने मागणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

२. सासूबाईंचा पितळी शेर कोणाला, ते शेवटी सांगते. जावेला तर मुळीच नाही. तिने तो एकदा नेला आणि पोचा पाडून आणला. मांजराने पाडला म्हणाली. तिच्याकडे मांजर कधीच नव्हते. तेव्हापासून त्या शेरात जिन्नस थोडा कमी मावतो, आणि माझा मसाला त्याच मापाचा आहे.

३. चार वर्षांपूर्वी बाजारात आमच्या मसाल्यासारख्या पुड्या दिसू लागल्या. त्याच उन्हाळ्यात हितेश वही घेऊन बसला. "आये, मना ग्रॅममदी सांग. एक शेर म्हंजे एक किलोच ना?" शेरभर धने तीनशे ग्रॅम भरतात आणि शेरभर मोहरी साडेसहाशे, हे कोळणीच्या पोराला कळू नये! मग दक्षताने विचारले, मग प्राप्तीनेही. तिघांना एकाच वर्षी कशी आठवण झाली? माझ्या मनात पाल चुकचुकली.

४. म्हणून मी तिघांना वेगवेगळे खोटे सांगितले. हितेशला धने जास्त, दक्षताला हळद जास्त, प्राप्तीला मोहरी जास्त. ज्याची खोट बाजारच्या पुडीत लागेल तो चोर. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या पुड्या आणून चाखल्या. तिघांपैकी कोणाचीच खोट एकीतही लागली नाही. पुडीवाल्याने आपल्याच मनाने काहीबाही कुटले होते.

५. गेल्या महिन्यात प्राप्तीकडे जेवले. कालवण कडू होते. जावई वरून लिंबू पिळून जेवत होते. पोरगी म्हणाली, "आये, चार वर्सं मसाला करतंय, पन माजे हाताला तुजी चव नाय गो. यंदा इकतचाच आनतंय." मी मान खाली घालून भात संपवला.

६. खरे माप, पाच किलो मिरचीला: धने तीन शेर, म्हणजे नऊशे ग्रॅम. मोहरी अर्धा शेर, सव्वातीनशे. हळकुंडे अर्धा शेर, पावकिलो. शेर सपाट भरावा, शीग नको. बाकीचे जिन्नस तिघांच्याही वहीत बरोबर आहेत. हे कलम तिघांना एकदमच वाचून दाखवावे, मागेपुढे नाही. शेर प्राप्तीला. तिला सांगावे की तिच्या हाताला चव आहे, माप मी खोटे दिले होते. तोंडावर सांगायची मला लाज वाटते.

हा मजकूर वकिलांनी मला वाचून दाखवला. त्यांना स्वयंपाक येत नाही असे ते म्हणतात. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली. त्या वेळी कलम सहावर वर्तमानपत्र ठेवले होते.

सही: मनुबाई दामाजी नाखवा

साक्षीदार:
१. पंढरी भोईर, शेजारी
२. सुशांत वैती, वकिलांचे कारकून (यांची बायको मसाले विकते, म्हणून वर्तमानपत्र दुहेरी)

स्थळ: ठाणे
दिनांक: १९ मे २०२५